राष्ट्रपतिपदासाठी चर्चेतलं नाव निवडून येण्याजोगं आहे का, हे कसं तपासायचं?

हिशेबी

राष्ट्रपतिपदासाठी नावं चर्चेत आली की दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. ती व्यक्ती पदाला शोभेल का, हा एक आणि ती निवडून येईल का, हा दुसरा. या धाग्यात फक्त दुसरा घेऊ. द्रौपदी मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते आणि त्याआधी निवडणूक पुरी करणं घटनेनं बंधनकारक आहे. तेव्हा नावांची फेकाफेक सुरू होण्याआधी कोष्टक तयार असलेलं बरं.

मतदार दोन प्रकारचे: संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदारही यात धरायचे. नामनियुक्त खासदारांना मत नाही.

आता मतमूल्य. महाराष्ट्राचं उदाहरण घ्या. १९७१ च्या जनगणनेची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ नं भागलं की १,७५,०४२ येतात. त्याला पुन्हा १००० नं भागायचं. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा, इथे ४२ उरतात म्हणून सोडून द्यायचे. म्हणून आपल्या एका आमदाराचं मत १७५ चं आणि अख्ख्या विधानसभेचं ५०,४००. उत्तर प्रदेशात हाच आकडा २०८ (एकूण ८३,८२४), तमिळनाडू आणि झारखंडमध्ये १७६, बिहारमध्ये १७३, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७.

सगळ्या आमदारांच्या मतमूल्याच्या बेरजेला ७७६ नं भागलं (लोकसभा ५४३, राज्यसभा २३३) की खासदाराचं मतमूल्य मिळतं. २०२२ मध्ये ४,०३३ आमदारांची बेरीज ५,४३,२३१ होती, म्हणून खासदाराचं मत ७०० चं. २०१७ मध्ये ते ७०८ होतं. फरक पडला तो जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्यामुळे. आता ती पुन्हा आहे, पण केंद्रशासित प्रदेशाची. तिचे आमदार मतदार म्हणून धरले गेले तर पुढच्या खेपेला आकडा परत ७०८ च्या आसपास जाईल.

यानंतर चार रकाने पाडायचे: पक्की आपली, पक्की त्यांची, कुंपणावरची, आणि नाव बघून हलणारी. पहिले तीन रकाने कुणीही भरेल. उमेदवार निवडून येण्याजोगा आहे की नाही, ते चौथा ठरवतो. जे नाव चौथ्या रकान्यातली मतं ओढतं आणि पहिल्या रकान्यातली गळू देत नाही, ते चालणारं नाव. जनमानसातली लोकप्रियता या हिशेबात जवळपास शून्य धरावी.

वैशाली_ठाणे

आपल्या विधान परिषदेच्या ७८ सदस्यांचं काय? ते कोष्टकात कुठेच दिसत नाहीत.

घटनावाचक

त्यांना मत नाही. कारण सरळ आहे. विधान परिषद सहाच राज्यांत आहे, आणि आमदाराच्या मताचं वजन लोकसंख्येवर ठरतं. परिषद धरली तर त्या सहा राज्यांचं पारडं फुकट जड होईल.

याचा एक परिणाम पटकन लक्षात येत नाही. २०२२ मध्ये पाठिंबा कुणाला द्यायचा हे शिवसेनेत उद्धव ठाकरे आणि जदयूत (संयुक्त जनता दलात) नीतीश कुमार ठरवत होते, आणि दोघंही विधान परिषदेचे सदस्य. त्यांना स्वतःला एकही मत नव्हतं. म्हणून नेत्याचा शब्द आणि प्रत्यक्ष मतपेटी यांत अंतर धरायलाच हवं.

शिवाय या निवडणुकीत व्हिप (पक्षादेश) काढता येत नाही. मतदान गुप्त असतं. राज्यसभेला पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते, इथे दाखवली तर मत बाद होतं. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नाही. पक्षाचे सगळेच्या सगळे आकडे पक्क्या रकान्यात टाकणं ही नवख्यांची पहिली चूक.

सावंतवाडीकर

चौथ्या रकान्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत होती आणि एनडीएचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावतांना होता. समोर प्रतिभाताई पाटील आल्या आणि सेनेनं मराठी राष्ट्रपती म्हणून त्यांना मत दिलं. प्रतिभाताईंना ६,३८,११६, शेखावतांना ३,३१,३०६. फरक पाहता सेनेची मतं निर्णायक नव्हती, हे खरं. पण जळगावऐवजी दुसरीकडचं नाव असतं तर ती मतं शेखावतांच्याच पारड्यात पडली असती.

२०१२ मध्येही सेना एनडीएबाहेर जाऊन प्रणव मुखर्जींच्या मागे राहिली, जदयूसुद्धा. मुखर्जींना ७,१३,७६३ मतं पडली, समोरच्या पी. ए. संगमांना ३,१५,९८७. तिथे प्रादेशिक अस्मितेचा संबंध नव्हता. चाळीसेक वर्षांत सगळ्या पक्षांत जोडलेली माणसं कामी आली. म्हणजे नाव बघून हलण्याची कारणं एकाच जातीची नसतात.

हिशेबी

बरोबर. मी त्या रकान्यात चार पोटरकाने करतो: राज्य, समाज, उमेदवाराचे जुने राजकीय संबंध, आणि त्या पक्षाची दिल्लीशी असलेली गरज. २०२२ मध्ये मुर्मूंच्या नावापुढे चारही भरले गेले. ओडिशाच्या मयूरभंजच्या, आदिवासी, तिथल्या बीजेडी (बिजू जनता दल)-भाजप आघाडीच्या सरकारात मंत्री राहिलेल्या, झारखंडच्या माजी राज्यपाल. बीजेडी सत्ताधारी आघाडीत नव्हती, तरी नाव जाहीर होताच आली.

गणित असं होतं. एनडीए स्वतःच्या बळावर निम्म्याच्या किंचित खाली होती. बीजेडीकडे आमदार-खासदार मिळून सुमारे ३१ हजार, आंध्रातल्या वायएसआर काँग्रेसकडे सुमारे ४५ हजार. यांतला एक पक्ष आला तरी भागत होतं, आले दोन्ही. त्याच दिवशी निवडणूक संपली होती.

झारखंड मुक्ती मोर्चाचं उदाहरण तर अभ्यासण्याजोगं. काँग्रेससोबत सरकार चालवणारा पक्ष, आणि विरोधी उमेदवार यशवंत सिन्हा झारखंडचेच, हजारीबागचे. तरीही मोर्चानं मुर्मूंना मत दिलं. ३० आमदार गुणिले १७६, म्हणजे ५,२८०. आकडा लहान, पण ज्या पक्षाचा पायाच आदिवासी मतदार आहे त्याला पहिल्या आदिवासी राष्ट्रपतीच्या विरोधात उभं राहणं शक्य नव्हतं. 'या नावाला नाही म्हणताना त्या पक्षाला घरी काय उत्तर द्यावं लागेल?' हा प्रश्न प्रत्येक नावाला आणि प्रत्येक पक्षाला लावून बघा.

मृण्मयी

मला वाटतं यात वेळ महत्त्वाची आहे. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद यांचं नाव १९ जूनला आलं. ते बिहारचे राज्यपाल, म्हणून नीतीश कुमार महागठबंधनात असूनही लगेच पाठिंब्याला तयार झाले. विरोधकांनी मीरा कुमार यांचं नाव २२ जूनला दिलं. त्याही दलित, त्याही बिहारच्या. पण शब्द आधीच दिला गेला होता. विरोधकांनी पहिलं पाऊल टाकलं असतं तर?

सावंतवाडीकर

२०२२ मध्ये टाकलंच होतं. २१ जूनला दुपारी सिन्हांचं नाव जाहीर झालं, मुर्मूंचं त्याच रात्री. नाव आधी जाहीर केल्यानं काहीच पदरात पडलं नाही. सिन्हांच्या आधी शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी या तिघांनी नकार दिला होता. नकारांच्या रांगेतून आलेलं नाव कुंपणावरच्या पक्षांना काय सांगतं? इथं जिंकण्याची उमेद नाही, हेच. मग कोण कशाला हात पोळून घेईल?

मृण्मयी

मान्य. मग मी वेळेचा मुद्दा असा मांडते: नाव लवकर आलं की उशिरा, यापेक्षा त्या क्षणी कुंपणावरचे पक्ष मोकळे आहेत की बांधले गेलेत हे बघावं. २०१७ मध्ये जदयू तीन दिवसांत बांधला गेला. २०२२ मध्ये बीजेडी सिन्हांच्या घोषणेनंतरही मोकळी होती.

हिशेबी

ही मांडणी माझ्या चार रकान्यांपेक्षा चांगली आहे. कोष्टकात प्रत्येक पक्षापुढे 'मोकळा / शब्द दिलेला' अशी एक उभी ओळ वाढवतो.

पळसगावकर

निवडून येण्याआधीचा टप्पा कुणी बोललं नाही: नकाराधिकार. मोठा मित्रपक्ष 'हे नाव नको' म्हणाला की ते नाव कोष्टकापर्यंत पोचतच नाही. २००७ मध्ये काँग्रेसच्या मनात आधी लातूरचे शिवराज पाटील होते. डाव्यांना ते मान्य झालं नाही आणि सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर चाललेलं. एकट्या पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे २३५ आमदार, गुणिले १५१ म्हणजे ३५,४८५, वर लोकसभेतले साठच्या आसपास खासदार. एवढा गठ्ठा रुसवून कुणी निवडणूक लढत नाही. त्यातून प्रतिभाताईंचं नाव पुढे आलं.

२००२ चंही तसंच. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचं नाव एनडीएत चाललं होतं, काँग्रेस तयार झाली नाही. मग कलाम आले, आणि समाजवादी पक्ष, काँग्रेस दोघंही त्यांच्यामागे गेले. कलामांना ९,२२,८८४ मतं, कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६.

म्हणून नाव तपासताना 'कोण येईल'च्या आधी 'कोण अडवेल' लिहा. अडवणाऱ्याच्या गठ्ठ्याचं मतमूल्य तुमच्या बहुमतावरच्या शिलकीपेक्षा जास्त असेल तर नाव तिथेच खोडायचं.

जिज्ञासू

लोकप्रियता शून्य धरा म्हणालात ते पटत नाही. कलाम लोकप्रिय होतेच की.

पळसगावकर

टी. एन. शेषन आठवा. १९९७ मध्ये निवडणूक आयुक्त म्हणून घरोघरी माहीत झालेलं नाव. शिवसेनेनं त्यांना पाठिंबा दिला. मतं पडली ५०,६३१, के. आर. नारायणन यांना ९,५६,२९०. कोटा म्हणजे जिंकायला लागणारी मतं, वैध मतमूल्याच्या निम्म्याच्या वर. त्या कोट्याच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. त्या खेपेला ती रेषा ८३,९०० च्या वर होती. शेषन तिच्या दोन तृतीयांशापर्यंतही पोचले नाहीत.

कलामांची लोकप्रियता उपयोगी पडली ती दोन मोठ्या पक्षांना त्यांना विरोध करणं जड गेलं म्हणून. शेषन यांना विरोध करणं कुणालाच जड नव्हतं. उलट त्यांच्या आचारसंहितेचा बडगा ज्यांच्या पाठीत बसला होता, तेच इथे मतदार होते!

घटनावाचक

पात्रतेचे अडथळेही कोष्टकाच्या वर लिहून ठेवा. वय ३५ पूर्ण, लोकसभेला उभं राहण्याची पात्रता, आणि लाभाचं पद नको. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री ही पदं त्यातून वगळली आहेत, पण एखाद्या सरकारी संस्थेचं अध्यक्षपद राहून जातं आणि तिथेच वाद उभा राहतो. २०१२ मध्ये मुखर्जींच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अध्यक्षपदावरून संगमा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. याचिका फेटाळली गेली, पण निकाल एकमतानं नव्हता.

उमेदवारी अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, सगळे मतदारगणातलेच, आणि एका मतदाराला एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करता येते. अनामत १५,००० रुपये. मतदारयादीतल्या नावाची प्रमाणित प्रत अर्जाला जोडावी लागते. हे नियम कडक होण्याआधी, १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या ९ जणांना एकही मत पडलं नाही. आजही अर्ज शंभरावर येतात, छाननीत बहुतेक उडतात. २०२२ मध्ये शेवटी दोनच उरले.

सावंतवाडीकर

या निवडणुकीत मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. दोनच उमेदवार असले की त्याला अर्थ उरत नाही, म्हणून लोक तो विसरतात. तिसरा वजनदार उमेदवार आला की सगळं बदलतं. १९६९ बघा. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. एकूण उमेदवार १५.

पहिल्या पसंतीची मतं:
गिरी ४,०१,५१५
रेड्डी ३,१३,५४८
देशमुख १,१२,७६९

कोटा होता ४,१८,१६९. कुणीच पोचलं नाही, म्हणून तळापासून एकेक उमेदवार बाद करत त्यांची पुढची पसंती वाटली. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. हे आकडे वजा करून बघा. वाटपात गिरींना १८,५६२ मिळाले, रेड्डींना ९१,८७९. पहिल्या मोजणीतली ८७,९६७ ची आघाडी १४,६५० वर आली.

शिवाय १०,८३३ इतकी मतं दोघांपैकी कुणाकडेच गेली नाहीत, कारण त्या मतपत्रिकांवर पुढची पसंती नव्हती. दुसरी पसंती लिहिणं ऐच्छिक असतं. ही सगळी रेड्डींकडे गेली असती तरी गिरी जेमतेम निसटले असते.

यातून तपासणीची एक पायरी निघते. तिसरा उमेदवार शक्य असेल तर 'त्याचे मतदार दुसरी पसंती कुणाला लिहितील, आणि लिहितील तरी का' हा स्वतंत्र हिशेब हवा. रेड्डींसाठी दुसरी पसंती मागायला काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे गेले, आणि नेमकं तेच गिरींच्या बाजूनं असलेल्या इंदिरा गांधींच्या हाती कोलीत मिळालं. सदसद्विवेकाला स्मरून मत द्या, असं त्यांनी खासदार-आमदारांना सांगितलं. दुसऱ्या पसंतीच्या मागे धावताना पहिल्या पसंतीची किती गळली, हे त्या रकान्यात धरलंच पाहिजे.

मृण्मयी

बाद मतांचाही रकाना हवा. २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली, त्यांत १५ खासदारांची. १५ गुणिले ७०० म्हणजे १०,५००, झारखंड मुक्ती मोर्चाच्या सगळ्या आमदारांच्या जवळपास दुप्पट! २०१७ मध्ये २१ खासदारांची मतं बाद होती, ७०८ च्या दरानं १४,८६८. अटीतटीची लढत असती तर एवढ्यावर निकाल फिरला असता.

चुका कुठे होतात ते सांगते. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला पसंतीची चौकट. आयोगानं केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननंच लिहायचं. खिशातलं पेन काढलं की मत गेलं. पसंती अंकातच हवी. मराठीत १ लिहिलेला चालतो, रोमन आकडा चालतो, 'एक' असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही. बरोबरची खूण चालत नाही. दोन नावांपुढे १, किंवा एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही, तरी बाद. सही केली, काही शेरा लिहिला, बाद. २ लिहून १ लिहायचा राहिला तरी बाद. नोटा इथे नाही.

२०१२ मध्ये मुलायमसिंह यादव यांच्याकडून खूण संगमांच्या नावापुढे गेली. त्यांनी ती मतपत्रिका फाडून दुसरी घेतली. आयोगानं मत बाद केलं. इतक्या अनुभवी माणसाच्या हातून घडतं, म्हणून पहिल्यांदा निवडून आलेले आमदार ज्या पक्षात जास्त, तिथे मतदानाआधी सराव करून घेणं हाही निवडून येण्याचाच भाग धरते मी.

जिज्ञासू

मग फुटलेली मतं आधी कशी ओळखायची?

हिशेबी

आधी नक्की ओळखता येत नाहीत. मागच्या राज्यसभा आणि विधान परिषद निवडणुकीत त्या राज्यात किती फुटली ते बघायचं आणि तेवढी वजावट धरायची. २०२२ मध्ये केरळच्या १४० आमदारांत एनडीएचा एकही नव्हता, तरी एक मत मुर्मूंना पडलं. १५२ ची ती एक चिठ्ठी कुणाच्याच कोष्टकात नव्हती. माझा ठोकताळा असा: पक्की वाटणारी बेरीज कोट्यापेक्षा किमान तीन टक्के वर असल्याशिवाय नावापुढे 'निवडून येईल' लिहू नये. २०२२ चा कोटा ५,२८,४९१ होता. त्यावर तीन टक्के म्हणजे सुमारे १५,८५० ची शिलक हातात हवी. मुर्मूंची अंतिम बेरीज ६,७६,८०३ होती, तिथे प्रश्नच नव्हता.

म्हापसेकार

२०२७ च्या कोष्टकाबद्दल एक सूचना. गोवा, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि उत्तर प्रदेश या पाच विधानसभांची मुदत २०२७ च्या पूर्वार्धात संपते, म्हणजे जुलैतले मतदार नवे आमदार असतील. आमच्या गोव्याचे ४० आमदार मिळून ८००, जेमतेम एका खासदाराहून थोडे जास्त. पण उत्तर प्रदेशाचे ८३,८२४ हे सगळ्या देशातल्या आमदारांच्या मतांचा साधारण सहावा-सातवा हिस्सा आहेत. तिथली घडी बदलली की राज्यसभेचं गणितही हळूहळू बदलतं. तिथला निकाल लागेपर्यंत आकडे शिसपेन्सिलीनंच लिहावेत.

वैशाली_ठाणे

आणि नवी जनगणना? लोकसंख्या बदलली की १७५ चा आकडाही बदलेल ना?

घटनावाचक

जनगणना झाली म्हणून लगेच नाही. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की मगच १९७१ चा आधार सुटतो. मोजणी संपली पण आकडे प्रसिद्ध झाले नाहीत, तर जुनंच मतमूल्य चालतं. त्यामुळे जून २०२७ मध्ये अधिसूचना निघेल तेव्हा हा एक मुद्दा पहिल्यांदा तपासा. मतमूल्याचा तक्ता आयोग स्वतः जाहीर करतो, आपला हिशेब त्याच्याशी ताडून घ्यायचा.

हिशेबी

तोवर महाराष्ट्राची ओळ भरून ठेवतो, नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे. भाजप १३२ आमदार, २३,१००. शिवसेना (शिंदे) ५७, ९,९७५. राष्ट्रवादी (अजित पवार) ४१, ७,१७५. तिघांची बेरीज ४०,२५०. शिवसेना (ठाकरे) २०, ३,५००. काँग्रेस १६, २,८००. राष्ट्रवादी (शरद पवार) १०, १,७५०. तिघांची बेरीज ८,०५०. उरलेले १२ आमदार छोट्या पक्षांचे आणि अपक्ष, २,१००. त्यांना एकेक करून तपासावं लागेल. पोटनिवडणुका आणि पक्षांतरं झाली असतील तिथे दुरुस्ती सुचवा.

सहा मोठ्या पक्षांपुढे 'मोकळा / शब्द दिलेला' ही ओळ सध्या कोरी ठेवली आहे. उमेदवार मराठी असेल तर आणि नसेल तर, असे दोन वेगळे रकाने तिथे केले आहेत, २००७ चा अनुभव धरून.

सावंतवाडीकर

तिसराही करा: उमेदवार मराठी, पण समोरच्या बाजूचाही मराठी. २०१७ मध्ये बिहारशी आणि २०२२ मध्ये झारखंडशी असाच दोन्ही उमेदवारांचा संबंध होता.

हिशेबी

केला.